एकदाच विचारायचं

मंगळवारी सकाळी सव्वाअकराला, मी काम करतो त्या वाचनालयात फोन आला. माझा मित्र अरविंद ऑफिसात टेबलाशी बसला असताना गेला, असं त्याच्या साहेबांनी सांगितलं. मी फोन ठेवला आणि रजिस्टर बंद केलं.

त्याला आता सहा आठवडे झाले. तेराव्याच्या दिवशी त्याच्या पत्नीनं, सुनंदावहिनींनी, मला स्वयंपाकघराच्या दाराशी थांबवलं. "भाऊजी, ह्यांच्या छातीत दुखत होतं, हे तुमाले माहीत होतं का?" मी हो म्हटलं. "मंग दवाखान्यात जा म्हणून म्हटलं नाही का तुम्ही?" मी म्हटलं, "म्हटलं होतं, वहिनी." त्यांनी डोळ्यांना पदर लावला. "तुम्ही तरी म्हटलं," एवढं बोलून त्या आत गेल्या. माझं उत्तर खोटं नव्हतं, पण पुरतं खरंही नव्हतं. तेव्हापासून त्यांच्या फाटकाशी सायकल लावताना मी कुलूप उगाच दोनदा तपासतो. पुढचा प्रश्न अजून त्यांनी विचारलेला नाही...

त्या उत्तरात काय कमी होतं, हे सांगायचं तर आमच्या खेळाबद्दल सांगावं लागेल. चार-पाच वर्षांपूर्वी अरविंदच्या अमेरिकेतल्या मामेभावानं एक खोका आणून दिला होता. त्यात एक पुस्तिका आणि नाना पैलूंचे फासे. एकानं गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्या गोष्टीतली माणसं व्हायचं, आणि आपण करू म्हणतो ते जमलं की नाही, हे फाशानं ठरवायचं. धरमपेठेतल्या अरविंदच्या खोलीत आम्ही रविवारी दुपारी जमत असू आणि संध्याकाळी टीव्हीवरचा सिनेमा सुरू व्हायच्या आत उठत असू. अरविंद गोष्ट सांगे. खेळायला मी आणि दिगंबर. दिगंबरचं महाल भागात भांड्यांचं दुकान. गळकं पातेलं विकून वर गिऱ्हाइकाकडूनच आभार ऐकून घेईल असा माणूस! मी मात्र चार लोकांत तोंड उघडायचं म्हटलं की मागच्या रांगेत सरकणारा. म्हणूनच असेल, खेळात मी राजाचा वकील झालो, दुसऱ्याच्या दरबारी जाऊन बोलणी करणारा.

पहिल्याच दिवशी किल्ल्याच्या दारात अरविंद किल्लेदार होऊन म्हणाला, "बोला वकीलसाहेब." आणि माझी जीभ टाळ्याला चिकटली. दिगंबर मांडीवर थाप मारून हसला. "अबे, राजानं मुका वकील धाडला का बे? सर गा, मी बोलतो." अरविंद हसला नाही. "दिग्या, तू खेळात दांडपट्टा फिरवतो. घरी कधी साधी काठी तरी फिरवली का? तुले फासा शूर करते, मंग याले फाशानं बोलकं काहून करू नाही?"

पुस्तिकेत मारामारीचे नियम पानंच्या पानं होते, बोलण्याबद्दल जेमतेम अर्धं पान. अरविंदनं पुढचे कितीतरी आठवडे त्याच्यावर घालवले. भूमापनाच्या कचेरीत नकाशे काढणारा तो, नियमही तसेच आखून लिहायचा. त्यानं ठरवलं की गोड बोलणं मोजायचंच नाही. खेळणाऱ्यानं आपल्याला काय हवं ते सांगायचं आणि समोरचा कशाला भितो ते ओळखून मोठ्यानं म्हणायचं, मग फासा टाकायचा. ओळखलेलं बरोबर असेल तर फाशात तीनची भर. नियम तयार झाला त्या रविवारी, पुन्हा त्याच दारात, मी कसाबसा म्हणालो, "किल्लेदार... आपल्या मुलाला भितो." अरविंदनं माझ्याकडे पाहिलं, किती आनंदानं पाहिलं! दार उघडलं. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या बोलण्यानं कुठलं दार उघडलं होतं.

दिगंबरनं मात्र यातही दुकान मांडलं. नकार आला की तीच मागणी पुन्हा, पुन्हा फासा, सहाव्या खेपेला किल्लेदार कबूल. तेव्हा अरविंदनं नवा नियम लिहिला. एक गोष्ट एकदाच विचारायची, फासा पडला की विषय संपला. "हा कोणता इन्साफ हाय बे?" दिगंबर कुरकुरला. अरविंद म्हणाला, "माणसाच्या 'नाही'लेही काही किंमत पाहिजे, दिग्या. नाहीतर तो माणूस कायचा?" हा नियम आम्ही खेळाबाहेरही पाळू लागलो. माझ्या लग्नाचा विषय त्यानं एकदाच काढला. मी नाही म्हटलं, त्यानं पुन्हा कधीही काढला नाही. मला तेव्हा तो फार मोठ्या मनाचा वाटला.

गेल्या माघात आम्ही दोघं सायकलींवरून पूल चढत होतो. तो मध्येच उतरला. कठडा धरून, छातीवर हात ठेवून उभा राहिला. ओठ पांढरे पडले होते. मी म्हटलं, "अरविंद, उद्या दवाखान्यात जाऊ. मी येतो सोबत." तो म्हणाला, "नाही." थोड्या वेळानं, श्वास जागेवर आल्यावर, "फासा पडला, गा." आणि हसला. मी गप्प बसलो.

नियम पाळला म्हणून गप्प बसलो, असं मी बरेच दिवस स्वतःला सांगत होतो. पण मला त्या क्षणी सुटल्यासारखं वाटलं होतं, हे मला आठवतं. पुन्हा बोलावं लागणार नव्हतं. त्याचे वडील साध्या तपासणीला म्हणून दवाखान्यात गेले आणि घरी आले ते चौघांच्या खांद्यावर. त्यानंतर अरविंद आजारी माणसाला भेटायलाही दवाखान्याच्या पायरीवर चढत नसे. तो कशाला भितो हे मला पक्कं ठाऊक होतं. खेळात परक्या किल्लेदाराची भीती मी मोठ्यानं म्हटली होती. पुलावर माझ्या मित्राची म्हटली नाही. त्यानंतर तो अडीच महिने जगला. त्यात दहा रविवार आले. दहाही रविवारी मी त्याच्या समोर बसलो होतो.

परवा दिगंबरला हे सांगितलं.  तो म्हणाला, "मले का दिसत नव्हतं का बे? जिन्यात तो दर पायरीले थांबत होता. मी तर एकदाही नाही इचारलं. मी, दिग्या!" त्याच्या दुकानात गिऱ्हाईक उभं होतं. तो उठला नाही.

हा लेख छापायला देण्याआधी वहिनींना वाचून दाखवावा म्हणून मी दोनदा गेलो. दोन्ही वेळा चहा पिऊन परत आलो. कागद पिशवीतच राहिले. वहिनी वर्तमानपत्राची ही रविवारची पुरवणी सकाळीच वाचतात. रविवारी दुपारी मी त्यांच्याकडे जाणार आहे.