घाटातला रोजचा अकराचा अपघात

आमचा संगणक रोज सकाळी अकराला भावडबारी घाटाच्या पायथ्याशी एक अपघात घडवून आणत होता. एका शेठच्या ट्रकांवर आम्ही जीपीएसची डबडी बसवली होती. ती दर मिनिटाला गाडीची जागा आणि वेग नाशिकच्या ऑफिसात कळवत. तीन-चार ट्रक एका जागी थांबले की स्क्रीनवर लाल दिवा लागे, म्हणजे अपघात किंवा रांग. मग आम्ही मागच्या ड्रायव्हरांना फोन करून सावध करायचं. महिनाभर दिवा लागत होता, अपघात काही सापडत नव्हता. "अजून एकदा खोटा लागला तर डबडी भंगारात," शेठ म्हणाले. प्रोग्राम माझा, त्यामुळे २००७च्या हिवाळ्यात पोपटनानांच्या ट्रकमध्ये मीच चढले. नाना सटाण्याचे, अर्धं आयुष्य स्टिअरिंगवर गेलेले.

पिंपळगावपर्यंत रस्ता छान. सोग्रस फाट्यावरून देवळ्याकडे वळलं की खड्डे सुरू, कंबर जपा. घाटाच्या अलीकडे एक हॉटेल लागतं. मिसळ बारा रुपये, रस्सा मागाल तेवढा. डोळ्यांतून पाणी आलं तर हॉटेलवाल्याला बोल लावू नका. तिथे शेठचेच आणखी तीन ट्रक उभे होते. घड्याळात अकरा. माझा अपघात बाकावर बसून रश्श्यात पाव बुडवत होता.

मी तिथूनच ऑफिसातल्या वैशालीला फोन लावला. "या हॉटेलच्या आसपासचा दिवा कायमचा बंद कर. चहा आहे तो." स्वतःच्या हुशारीवर खूश होऊन मी एक भजी प्लेट जास्तीची मागवली.

सटाण्यात कांदा भरला आणि दुपारी परत निघालो. घाट उतरताना नानांनी एकदम वेग कमी केला.

"काय झालं नाना? ऑफिसचा फोन नाही, म्हणजे रस्ता मोकळा आहे."

"समोरून येक बी गाडी येत नई, ताई. पुढे काहीतरी शे."

वळण घेतलं आणि पुढ्यातच रांगेचं शेपूट. हॉटेलसमोर टेम्पो आडवा झाला होता, मागे आमचे तीन ट्रक अडकले होते. ऑफिसच्या हिशेबाने ते चहा पीत होते. टेम्पोवाल्याचा हात मोडला होता. नानांनी वेग कमी केला नसता तर आम्ही कांद्यासकट त्या रांगेवर गेलो असतो. मला भयंकर लाज वाटली. दिवा मीच बंद केलाय, हे नानांना सांगून टाकलं.

ते रागावले नाहीत. "गाडी उभी शे, येवढंच तुमच्या डबड्याले कळतं. का उभी शे, ते आमले इचारा ना."

घरी आल्यावर दुसऱ्याच दिवशी शेठना खरं काय ते सांगितलं. त्यांनी तासभर झाडलं. डबडी वाचली ती नानांमुळे. "राहू द्या शेठ, दिवा लागला का ताईंनी मले इचारावं, मी फोन उचलत जाईन," ते म्हणाले. दिवा पुन्हा चालू केला.

आता रोज अकराला तो लागतो आणि मी फोन लावते. "चहा शे, ताई," नाना म्हणतात. ते तेवढं म्हणेपर्यंत मला खुर्चीत बसवत नाही.