रंजनावहिनींची डावखुरी बंदूक

किस्से काही कोणी गोळा करत नाही हो, ते आपोआप साचतात. फक्त चार माणसं एका बाकावर बिनकामाची बसलेली हवीत! आम्हा शेतसंरक्षणाच्या बंदूकवाल्यांना असा बाक सरकारच पुरवतं. निवडणूक लागली की आम्ही पोलादपूरच्या सगळ्यांनी आपापली बंदूक पोलीस स्टेशनात जमा करायची. सकाळी जायचं आणि साहेब बंदोबस्तावरून परत येईपर्यंत बाहेर बसायचं. प्रत्येकाच्या मांडीवर गोधडीत गुंडाळलेली बंदूक. लांबून बघणाऱ्याला वाटावं, पोरांना पोलिओचा डोस द्यायला आलेत!

*

आमच्यात सगळ्यात मोठे धोंडूबाबा. पंच्याहत्तरीच्या पुढचे, त्यामुळे एसटीत त्यांना तिकीट नाही. एकदा नव्या कंडक्टरने त्यांच्या गोधडीकडे बोट दाखवलं. "बाबा, याचं लगेज लागेल."

"काय नाय लागत. बंदूक हाय ती."

कंडक्टर दोन पावलं मागे सरकला. मग धीर करून त्याने विचारलं, "किती जुनी?"

"माझ्या आज्याची."

"मग ती पण ज्येष्ठ नागरिक! फुकट बसू दे, खिडकीजवळ बसवा!"

*

आता रंजनावहिनी. आमच्या वाडीतल्याच. त्यांचं भाताचं शेत कशेडी घाटाच्या अंगाला, आणि शेत संपलं की लगेच रान. त्यांचे यजमान सुरेशदादा गेले तेव्हा बंदुकीचा परवाना वारसाहक्काने वहिनींच्या नावावर झाला. पण सासऱ्यांच्या वेळची ठासणीची बंदूक नळीला चिरली होती, ती वापरायला मनाई झाली. मुदतीत दुसरी घेतली नाही तर परवाना रद्द, आणि परवाना गेला की शेत रानडुकरांचं! वर्षभर राबायचं आणि दाणा भरला की त्यांनी एका फेरीत सगळं लोळवायचं.

धाकटा दीर विठ्ठल, त्याचं शेत बांधाला लागून. माणूस वाईट नाही, पण जुन्या वळणाचा. म्हणाला, "वहिनी, शेत माझ्याकडे द्या कसायला. बायमाणसाच्या हातात बंदूक शोभत नाय."

"भावजी, डुकरं काय शोभा बघायला येतात?"

विठ्ठल त्या दिवशी चहा न घेताच उठला.

*

बंदूक घ्यायला आम्ही पुण्याला गेलो. गाडी इब्राहिमभाईंची. हे मूळचे महाडचे, कुवेतला ट्रक चालवून आलेले, आमच्याच बाकावरचे. दुकानदाराने जुन्या डबलबॅरल दाखवल्या. वहिनी उचलायच्या, खांद्याला लावायच्या आणि खाली ठेवायच्या. एकही मनाला येईना.

मग कोपऱ्यात धूळ खात पडलेली एक दिसली. सेमी ऑटोमॅटिक, इम्पोर्टेड! नळीवर कंपनीचं नाव होतं, पण ती अक्षरं कोणाच्या बापाला लागली नाहीत. इब्राहिमभाईंनी चष्मा लावून छातीठोकपणे सांगितलं, "इटली." मी म्हटलं, तुर्कस्तान असेल. शेवटी दुकानदारालाच विचारलं.

"साहेब, एवढंच नक्की सांगतो. मेड इन इंडिया नाही!"

"मग एवढी स्वस्त कशी?"

"डिफेक्टिव्ह पीस आहे. हिचं सगळं उलटं. मागे ओढायची खिटी उलट्या बाजूला, रिकामं काडतूस उडतं ते पण डावीकडे, धरणाऱ्याच्या तोंडासमोरून! गिऱ्हाईक हातात घेतं आणि तोंड वाकडं करून परत ठेवतं."

"बघू इकडे," वहिनी म्हणाल्या. त्या जन्माच्या डावखुऱ्या. त्यांनी ती डाव्या खांद्याला लावली, आणि बोटं जिथे जायची तिथे आपोआप गेली. वहिनी हसल्या, मग पदराने डोळे टिपले.

"विळा नाय, कातर नाय... आख्ख्या जन्मात पयल्यांदा कायतरी माझ्या हाताचं मिळालं!"

दुकानदाराने डोकं खाजवलं. "म्हणजे डिफेक्ट गिऱ्हाइकांतच होता म्हणायचा!"

*

वाडीत तिचं नाव पडलं 'उलटी'. पोरं विचारायची, "काकी, उलटी कशी हाय?" वहिनी हसून सोडून द्यायच्या, पण इब्राहिमभाईंना राग यायचा. खरेदीला आपण होतो याचा त्यांना भारी अभिमान. एकदा बाकावर कोणीतरी तिला 'उलटी' म्हणालं तर ताडकन उठले.

"उलटी काय म्हणता? इतकी वर्षं सगळ्यांनी चुकीच्या हाताने बंदुका धरल्या, त्याला ती काय करणार!"

*

आणि नेमकी भात पोटरीत, लोंब्या फुटायच्या बेतात असताना निवडणूक लागली. आमच्या बंदुका जमा. वहिनींनी मात्र सूट मिळावी म्हणून अर्ज टाकला. प्रांतसाहेबांनी महाडला बोलावलं. आधाराला म्हणून मी सोबत गेलो, पण आधाराची गरज मलाच जास्त होती.

साहेब समजावणीच्या सुरात म्हणाले, "ताई, आचारसंहिता आहे. ती सगळ्यांना सारखीच."

"होय साहेब. डुकरांना पण लावा, मी आताच जमा करते!"

साहेबांनी खोकल्याचं निमित्त करून तोंडावर रुमाल धरला. सूट मंजूर झाली! येताना एसटीत मी छाती काढून बसलो होतो, जसं काही मीच बोललो. धोंडूबाबांना सांगितलं तर म्हातारा टाळ्या वाजवायला लागला. "आख्ख्या खोऱ्यात एकच बंदूक उरली, आणि ती आपल्या बायच्या हातात!"

*

आमच्याकडची डुकरं शिकलेली आहेत. ठासणीच्या बंदुकीचा एक बार काढला की पुन्हा दारू भरून ती ठासेपर्यंत माणसाची एक बिडी ओढून होते, हे त्यांना पिढ्यान्‌पिढ्या माहीत. बार ऐकला की ती कडेच्या झुडपात शिरतात, दम खातात आणि निवांत परत येतात. आमचे कानही तेवढंच शिकलेले. एक बार, की मग शांतता.

दिवस मावळत होता. मी विठ्ठलच्या पडवीत चहाला बसलो होतो. वहिनींच्या शेताकडून बार ऐकू आला.

"झालं," विठ्ठल म्हणाला. "आता डुकरं परत येनार. वहिनीला सांगून..."

दुसरा बार झाला. आणि त्याच्या पाठोपाठ लगेच तिसरा!

विठ्ठलच्या तोंडचं पाणीच पळालं. "तीन बंदुका? सगळ्यांच्या तर जमा हायत! टोळी शिरली रे, शिकाऱ्यांची टोळी! वहिनी एकटी हाय तिथं!"

कोयता घेऊन तो अनवाणीच पळत सुटला. मागे मी, माझ्यामागे अर्धी वाडी. काठ्या, कुऱ्हाडी, एकाच्या हातात तर क्रिकेटची बॅट! ही बंदूक लागोपाठ बार काढते हे दुकानदाराने मला सांगितलं होतं, पण पळताना ते आठवतंय कोणाला!

शेतावर पोचलो. भात जागच्या जागी उभं होतं. वरच्या रानातून डुकरं झाडोरा मोडत लांब पळाल्याचा आवाज अजून येत होता. वहिनी पदर खोचून, बंदूक डाव्या खांद्याला अडकवून, बांधावरच्या गवतातून रिकामी काडतुसं वेचत होत्या.

विठ्ठल धापा टाकत त्यांच्यापुढे जाऊन उभा राहिला. कोयता उगारून त्याने चारी बाजूंना पाहिलं.

"वहिनी, किती जण हायत?"

वहिनींनी शेवटचं काडतूस उचललं, फुंकर मारून पिशवीत टाकलं.

"मी एकटीच हाय, भावजी."