काळुरामची पोलीस चौकशी

कोलशेतचा काळुराम आमच्याकडे दूध घालायचा. १९५३ साली त्याला सैन्याच्या कारखान्यात नोकरी मिळत होती. फक्त पोलीस चौकशी उरली होती. पूर्वी दारूबंदीच्या दिवसांत बहिणीच्या हळदीच्या समारंभात पकडलेली दारू त्याने बापाऐवजी स्वतःच्या अंगावर घेऊन महिनाभर तुरुंगवास भोगला होता. शरमेने त्याने ते अर्जात लिहिले नाही. हवालदार घरी आला तेव्हा आई ठमाबाईने कौतुकाने सांगितले, "बापासाठी जेलात गेलता माजा पोऱ्या! असा दुसरा दाखवा!"

नोकरी हुकली. कारखान्याचे साहेब म्हणाले, "गुन्ह्याचा विचार केला असता, पण तू तो लपवलास."

"बाई, आईला काय सांगू?" दूध मापता मापता काळुरामने मला विचारले.

शेवटी त्याने आईला जागा भरल्याचे सांगितले. ती साहेबाला शिव्या देत राहिली आणि हा मान खाली घालून ऐकत राहिला.