ससा पळाला पाहिजे

परसूच्या ससेपालनाच्या शेडमध्ये दोन गोष्टी रोज साचतात, लेंड्या आणि किस्से. कितीही झाडा, दुसऱ्या दिवशी तेवढेच! मी त्याचा शेजारी, सानगडीच्या शाळेत मास्तर. लेंड्या त्याच्या वांग्यांना जातात, किस्से माझ्याकडे येतात.

*

परसूने गोठ्यात पिंजरे मांडले तेव्हा त्याची बायको, वंदनावहिनी, फार खूश झाली. तिने माद्यांना पवनीच्या आपल्या मावश्यांची नावं दिली. चार महिन्यांनी परसू सुरी घेऊन आत गेला आणि तसाच बाहेर आला.

"काहून रे, काय झालं?" मी विचारलं.

"गुरुजी, सुशीलामावशीले कसा कापू? माहं लग्न तिनंच जमवलं ना!"

तेव्हापासून नावं बंद. पिंजऱ्यांना नंबर.

*

कोणीतरी तक्रार केली की परसूने जंगलातले ससे धरून ठेवलेत. तो तर गुन्हाच! वनरक्षक चौकशीला आले. परसूला घाम फुटला. पण त्याचे वडील, म्हणजे आमचे बाबूजी, खाटेवर निवांत. त्यांनी एक पांढरा ससा अंगणात सोडायला लावला. ससा दोन उड्या मारून थेट वनरक्षकाच्या बुटावर जाऊन बसला.

"साहेब, हा जंगलातला वाटते तुमाले?" बाबूजींनी विचारलं.

साहेब चहा पिऊन गेले. ससा आपणहून उठेपर्यंत त्यांनी पाय मात्र हलवला नाही. भला माणूस.

*

खरी अडचण बाबूजीच होते. शिकारीवर बंदी यायच्या आधी त्यांनी जाळं लावून रानातले ससे धरलेले. मटण कसं जमलं, हे गाव आजही त्यांनाच विचारतं. पांढऱ्या सशाला त्यांनी कधी तोंड लावलं नाही. परसू रस्सा पुढे ठेवायचा, ते वाटी सरकवायचे.

"जो पळलाच नाही, त्याले चव कुठून येईन? हा कापूस हाय, कापूस!"

बाबूजी खात नाहीत म्हणून गाव घेईना. शेवटी वहिनीने बजावलं, "दिवाळीनंतरच्या मंडईपर्यंत पाहू. तवाही बाबूजीनं नाही खाल्लं तं पिंजरे काढा. बकऱ्या बांधू."

परसू माझ्यासमोर रडवेला झाला. नागपूरची नोकरी सोडून आला होता बिचारा. मला खरंच वाईट वाटलं.

*

दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगावी मंडई भरते. घरी पाहुणे, मटणाचं जेवण, मग नाटक. त्या सकाळी परसू सात नंबरचा ससा काढायला गेला आणि ससा हातातून सुटला!

अंगण, गल्ली, भाताच्या तणसाचा ढीग. ससा पुढे, मागे परसू, त्याच्यामागे मी, माझ्यामागे सिहोऱ्याचे दोन पाहुणे, आणि पाहुण्यांच्या मागे कुत्रं. तासभर! शेवटी ससा बाबूजींच्या खाटेखाली शिरला. ज्यांना उठवायला एरवी दोन माणसं लागतात, त्यांनी मच्छरदाणी ओढून अशी फेकली की ससाही आत आणि एक पाहुणाही आत!

वहिनीने कांदा-खोबरं भाजून भिवापुरी मिरचीचा रस्सा केला. पंगत बसली. परसू पातेलं घेऊन वाढायला लागला. बाबूजींनी एक तुकडा तोंडात टाकला.

बाबूजी सावकाश चावत राहिले. मग त्यांनी वाटी पुढे केली.

"अजून टाक. हा पळला होता."

परसू तिथेच मटकन खाली बसला आणि रडायला लागला. पातेलं मी सांभाळलं.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी गलका ऐकून मी गेलो. सगळे पिंजरे उघडे, अंगणभर ससे, आणि त्यांच्यामागे काठी घेऊन बाबूजी! कुंपणाशी गावातले सात-आठ जण मटण न्यायला रिकामे डबे घेऊन उभे.

मी त्यांना आत घ्यायला फाटक उघडायला गेलो तर बाबूजी ओरडले, "गुरुजी, थांबा! अजून कच्चे हायेत!"