मेहुण्याचा एजंट

मेहुण्याने घर शोधायला स्वतःचा एजंट धरला होता. दर रविवारी मीही त्यांच्याबरोबर फ्लॅट बघायला जायचो. एजंट मोशीकडचा, कमी बोलणारा. आत शिरला की आधी भिंतींवर तळहात फिरवायचा, मग सगळे नळ सोडून बघायचा.

एकदा मेहुणा टोकन द्यायला निघाला, तेव्हा बिल्डरच्या माणसासमोरच त्याने मेहुण्याचा हात धरला. "भाऊ, हे घर घ्यायचं न्हाई. रंगाखाली ओल हाय."

स्वतःचं कमिशन त्याने सहज सोडून दिलं. मी आतून जळलो. काळेवाडीतला माझा फ्लॅट मी बिल्डरच्या माणसाच्या गोड बोलण्यावर घेतला होता आणि तो वर्षभरातच गळायला लागला होता.

जिना उतरताना मी त्याला म्हणालो, "आमच्या वेळी कुठं होता तुम्ही?"

"इथंच व्हतो, राव. तुमी बोलावलं न्हाई."