आक्का आणि रिठ्याचं पाणी

आक्का गेल्याचा निरोप घेऊन पुतण्या हुपरीच्या पहिल्या एस.टी.नं शाहूपुरीत आला, तेव्हा मी भाकऱ्या थापत होते. तवा उतरवला आणि तशीच निघाले. आक्का माझी थोरली जाऊ. लग्न झाल्यापासून पोरं मोठी होईपर्यंत आम्ही एकाच चुलीवर स्वयंपाक केला. बायकांनी मिळून तिला शेवटची आंघोळ घातली, तेव्हा तिच्या दंडावरचे देवीच्या टोचणीचे दोन वण दिसले. लहानपणी, संस्थानी दरबारच्या काळात टोचलेले. बाकीच्या बायका रडत होत्या. मला राग आला. अजून गेलेला नाही.

हुपरीच्या घरात पैंजणांचं काम. पुरुष जोडकाम करायचे, आम्ही तयार पैंजण रिठ्याच्या कोमट पाण्यात घासून उजळायचो. आक्काच्या हातचा उजाळा गल्लीत दुसऱ्या कुणाला जमत नव्हता. चांदीचा काळेपणा जातो तसा अंगातला कसलाही मळ या पाण्यानं जातो, असं ती मानायची. पोरांची खरूज, गळू, सगळ्याला तेच पाणी... देवीची साथ आली तेव्हा टोचणारे साहेब नवी दोन टोकांची सुई, नवी लस घेऊन गल्लीत आले. टोचल्यावर पाणी लावू नका, म्हणून बजावत होते. दारं धडाधड लागली. आक्का उंबऱ्यातून ओरडली, "देवीला सुई दाखवून चिडवायचं व्हय?" साहेब हसले. "मावशी, तुमच्या दंडावर आधीच शिक्का हाय की!" तिनं रागानं बाही खाली ओढली. शेवटी तिच्या नवऱ्यानं, माझ्या थोरल्या दिरांनी दटावलं म्हणून तिनं लेकीला, पाच वर्षांच्या शालनला पुढं केलं. माझी पोरं मी आधीच टोचून घेतली होती.

साहेब कोपऱ्यावर वळले आणि आक्कानं शालनचा दंड रिठ्याच्या पातेल्यात बुडवून खसाखसा चोळला.

"अगं आक्का, काय करतीस?"

"घाण धुतीया. तू गप बस."

माझ्या पोरांचे दंड सुजले, खपल्या धरल्या. शालनच्या दंडावर काहीच उठलं नाही. थोड्याच दिवसांत तिला देवी आल्या. घरात फोडणी बंद झाली, उशाशी कडुनिंबाचा पाला आला. आक्का पोरीला मांडीवरून खाली ठेवत नव्हती. पोर वाचली, पण उजव्या डोळ्यात फूल पडलं. आक्काला मात्र काही झालं नाही. देवीनं राखलं, म्हणायची. मी म्हणायचे, तुझा दंड बघ की.

चूक कुणाच्याही हातून होते, ती मी धरून ठेवली नाही. पण पुढचं? गल्लीत आवई उठली, टोचूनसुद्धा शालनला देवी आल्याच, मग टोचायचं कशाला? मी आक्काला हात जोडले. "एकदा सांग, धुतलं म्हणून. दुसऱ्यांच्या पोरांसाठी तरी सांग."

"मी काय न्हाय धुतलं."

मी घरोघर सांगत फिरले, तर बायका पदराआड हसल्या. जावा-जावांचं भांडण म्हणाल्या. साहेब परत आले तेव्हा आमच्या बोळातलं एकही दार उघडलं नाही. शेजारच्या हौसाची तान्ही पोर त्याच साथीत गेली. आक्का तिच्या घरी जाऊन ऊर बडवून रडली... पण तेव्हाही बोलली नाही. पुढं देवीचा रोगच गेला. आक्काचं तोंड बंद ते बंदच.

तेरावं झाल्यावर शालनकडं गेले. ती त्याच गल्लीत दिलेली. आईचं पातेलं पुढ्यात घेऊन पैंजण घासत होती, पोरगं तिला खेटून बसलेलं. मी म्हटलं, गोवराची नवी लस आली आहे, ह्याला टोचून आण.

"नको काकू. मला टोचून काय झालं, बघताय न्हवं?"

"तुझी टोचणी तुझ्या आईनं ह्याच पातेल्यात धुतली."

"आई न्हाय म्हणायची. तुमचं भांडण मला म्हाईत हाय."

"ऱ्हाऊ दे भांडण. तुला कळायला लागल्यापासून ह्या पाण्यात आईनं हात घातलेला बघितलास कधी?"

शालनचा हात थांबला. आक्का गल्लीतली पहिल्या नंबरची उजाळा देणारी बाई, पण शालनच्या दुखण्यानंतर घासणीला बसली नाही. हात दुखतात म्हणायची, आणि त्याच हातांनी अख्ख्या घराचं पीठ मळायची.

शालननं हातातलं पैंजण खाली ठेवलं. मग पोराला पातेल्यापासून लांब ओढलं.

"काकू, दवाखाना सकाळी कधी उघडतोय?"