सांगलीकरांच्या परवानगीने

सूड उगवायचा तर माणसाला हवं ते सगळं द्यावं, वर पेढाही भरवावा. मी भरवलाय.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस आम्हा तिघांना एक वेड लागलं होतं. सातारा-सांगलीतल्या गावांची माहिती संगणकावर जमवायची. एकानं लिहायचं, दुसऱ्यानं भर घालायची, तिसऱ्यानं दुरुस्त करायचं. माझं साताऱ्यात डीटीपीचं दुकान होतं, सांगलीच्या एका गृहस्थांचा टायपिंग क्लास होता आणि पाटणच्या निवृत्त गुरुजींकडे मुलानं दिलेला जुना संगणक. फ्लॉपी एसटीच्या ड्रायव्हरच्या हाती फिरायची.

पण तिघांचे प्रोग्रॅम वेगळे. माझी ठळक अक्षरं सांगलीला पोचेपर्यंत बारीक होऊन जात. म्हणून मजकुरातच साध्या खुणा टाकायचं ठरलं: मथळ्याला एक चिन्ह, ठळक शब्दाला दुसरं. मी खपून असा संच बसवला, उंब्रजची सगळी माहिती त्यात लिहिली आणि छापून कराडच्या हॉटेलात दोघांना मोठ्या तोऱ्यात दाखवली.

सांगलीकरांनी कागद उलटा धरला, सुलटा धरला.

"काय रं गड्या हे? कोंबडीनं उकिरडा उकरल्यागत दिसतंय!"

शेजारची टेबलं हसली. चहावालासुद्धा हसला. मग सांगलीकरांनी फर्मान काढलं, "खुणा माझ्या. आन माझ्या परवानगीबिगर कुणी काय बदलायचं न्हाई."

मी गोड हसलो. तिथं माझी बायको असती तर ते हसणं बघून घाबरली असती.

पुढच्या बैठकीला मी कंदी पेढे घेऊन गेलो. म्हणालो, "खुणा यांच्याच घ्यायच्या. पण मान मोठा, तर जबाबदारीही तोलामोलाची हवी. कुणाला शंका आली, यांनीच सोडवायची. फ्लॉपी आधी सांगलीला, यांनी तपासायची, मग पुढं. जुनी माहिती नव्या खुणांत यांनीच बसवायची. दुसऱ्याच्या हातनं चूक व्हायला नको."

"व्हय, तेच बरं," सांगलीकर फुलून म्हणाले. गुरुजींनी माझ्याकडे पाहिलं आणि दुसरा पेढा उचलला.

मग मी आज्ञाधारक झालो. इतका आज्ञाधारक मी लग्नातही नव्हतो! साताऱ्याहून सुटणाऱ्या प्रत्येक गाडीनं फ्लॉपी. एसटीडी बूथवरून फोन: "खुणेनंतर जागा सोडायची का? परवानगी असेल तर सोडतो." सकाळी विचारलेलं संध्याकाळी पुन्हा, खात्रीसाठी. गुरुजींनाही चव लागली. ते पाटणहून विचारायचे, "मथळ्यात गावाचं नाव आलं तर चालंल का?" सांगलीकरांच्या क्लासातली पोरं टायपिंग सोडून आमच्या फ्लॉप्या आणायला स्टँडवर पळू लागली.

शेवटी एका दुपारी ते स्वतःच माझ्या दुकानात उभे. हातात भडंगाची पिशवी, डोळे लाल.

"आवं, तुमच्याच खुणा घ्या. पर ह्या फ्लॉप्या थांबवा."

"मी कसा घेणार?" मी कळवळून म्हणालो. "बदलाला तुमची परवानगी लागते. ठरलंय तसं."

"दिली की!"

"इथं नको. ठरलं कराडात, तिथंच द्या."

कराडात, त्याच हॉटेलात, त्याच टेबलाशी त्यांनी परवानगी दिली. मला नीट ऐकू आलं नाही. मी पुन्हा म्हणायला लावली. मग प्रत्येकानं आपापल्या तालुक्याची फाईल सांभाळायची आणि खुणेत बदल तिघांनी मिळून करायचा, असं सरळ ठरलं. हे पहिल्याच दिवशी ठरवता आलं असतं, पण मग मला काय मजा आली असती?

चहावाला कप ठेवत वाकला, कागदाकडे बघून म्हणाला, "हे त्याच कोंबडीचं व्हय?"

"तिचंच," मी म्हणालो. "आता सांगलीतपण उकरणार हाय."

सांगलीकरांनी चहा बशीत ओतला आणि बराच वेळ फुंकत बसले. त्यांनी आणलेलं भडंग मात्र मी एकट्यानं संपवलं.